इमिग्रेशन कोर्टाची तारीख चुकली तर? अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे दिवाणी दाव्यात पक्षकार आला नाही तरी वकील उभा राहतो, पुढची तारीख पडते आणि प्रकरण चालू राहतं. अमेरिकेतल्या इमिग्रेशन कोर्टात असं गृहीत धरलेलं फार महागात पडतं. तिथे एकच तारीख चुकली तरी त्याच दिवशी तुमच्या गैरहजेरीत देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघू शकतो. हा हुकूम पुढे वर्षानुवर्षं माणसाचा पिच्छा सोडत नाही.

खालची माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या प्रकरणासाठी इमिग्रेशनचं काम करणारा वकीलच गाठा. पण वकिलाची वेळ मिळेपर्यंत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, एवढं तरी इथे कळावं.

हे कोर्ट नेमकं कोणाचं? आमचा त्याच्याशी काय संबंध?

व्हिसाची मुदतवाढ, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे अर्ज यूएससीआयएसकडे जातात. इमिग्रेशन कोर्टं त्या खात्याची नाहीत. ती अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या ईओआयआर या कार्यालयाच्या हाताखाली चालतात. तिथे सरकारी बाजू मांडणारा वकील आइसचा, म्हणजे धरपकड आणि हकालपट्टी करणाऱ्या खात्याचा असतो. ही तीन वेगवेगळी दारं आहेत. एका दारात सांगितलेलं दुसऱ्या दारात आपोआप पोचत नाही. बहुतेक तारखा चुकतात त्या याच घोळात.

‘आम्ही तर कायदेशीर आलो, आमचा कोर्टाशी काय संबंध?’ असं पूर्वी अनेकांना वाटायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएससीआयएसने धोरण बदललं. आता एखादा अर्ज नाकारला गेला आणि त्या क्षणी तुमच्याकडे वैध स्टेटस नसेल, तर कोर्टाची नोटीस (‘नोटीस टू अपिअर’) निघू शकते. ले-ऑफनंतरचे ६० दिवस उलटून गेलेले एच-१बी धारक, स्टेटस गेलेले विद्यार्थी, मुदत संपल्यावरही राहिलेले आईवडील, हे सगळे या टप्प्यात येतात. ग्रीन कार्ड असलेल्या माणसावर गुन्ह्याचा ठपका आला तर त्यालाही हीच नोटीस येऊ शकते.

‘नोटीस टू अपिअर’ आली आहे. ती कशी वाचायची?

वरच्या बाजूला तुमचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन फाइलचा नंबर असतो. ‘ए’ आणि त्यापुढे नऊ आकडे. हा नंबर फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे लिहून ठेवा. खाली सरकारचे आरोप आणि कायद्याची कलमं असतात. शेवटी कोर्टाचा पत्ता, तारीख आणि वेळ. पत्ता नीट पाहा. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या, अटकेत नसलेल्या माणसाचं प्रकरण साधारणपणे नेवार्कच्या कोर्टात जातं. टपालाचा पत्ता आणि सुनावणीची जागा वेगळी असू शकते.

तारखेला गेलो नाही तर त्या दिवशी कोर्टात काय होतं?

न्यायाधीश तुमचं नाव पुकारतात. तुम्ही नसाल तर सरकारी वकिलाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तुम्हाला कायद्याने ठरवलेली लेखी नोटीस दिली होती, ही एक. तुम्ही देशाबाहेर काढण्यास पात्र आहात, ही दुसरी. नोटीस तुम्ही कळवलेल्या शेवटच्या पत्त्यावर पाठवली असेल तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं. तुम्ही पत्ताच दिला नसेल तर नोटीस पाठवण्याचं बंधनही राहत नाही. हे सगळं सिद्ध झालं की न्यायाधीशांना हुकूम काढावाच लागतो. १९९६ च्या कायद्याने तशी सक्ती केली आहे.

दुसऱ्या कोणत्याही निकालावर अपिलाची मुदत असते आणि तोवर हुकूम अंतिम होत नाही. गैरहजेरीतला हुकूम मात्र काढल्या क्षणापासून अंतिम असतो. त्यावर थेट अपीलही करता येत नाही. आधी त्याच न्यायाधीशांकडे प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज द्यावा लागतो.

वकील माझ्या वतीने उभा राहिला तर चालतं ना?

तुमची हजेरी न्यायाधीशांनी आधीच माफ केली असेल तरच. तशी माफी मागता येते, पण ती मिळाल्याचा आदेश हातात हवा. ‘वकील बघून घेतील’ या भरवशावर घरी थांबू नका.

या हुकुमाने प्रत्यक्षात काय बिघडतं?

आइस तुम्हाला कधीही ताब्यात घेऊ शकते आणि नव्याने सुनावणी न होता विमानात बसवू शकते. आश्रयाचा अर्ज चालू असेल तर तो सोडून दिल्याचं मानलं जातं आणि त्यावर मिळालेलं वर्क परमिटही जातं. ग्रीन कार्ड असेल तर ते स्टेटस संपतं.

सुनावणीत गैरहजेरीचे परिणाम तुम्हाला समजेल अशा भाषेत तोंडी सांगितले गेले असतील, तर १० वर्षं काही सवलती बंद होतात. देशातच राहून ग्रीन कार्ड घेणं, स्टेटस बदलणं, हकालपट्टी रद्द करून घेणं, स्वखुशीने देश सोडण्याची परवानगी, हे सगळं त्यात येतं. नागरिक असलेल्या जोडीदाराच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळू शकलं असतं, अशा माणसाचा तो रस्ताही एका चुकलेल्या सकाळीमुळे अडतो.

देशाबाहेर गेल्यावर परत येण्याची बंदी वेगळी. योग्य कारणाशिवाय सुनावणीला न गेल्याबद्दल, त्यानंतर देश सोडल्यापासून ५ वर्षं. हकालपट्टीच्या हुकुमाबद्दल साधारणपणे १० वर्षं. बेकायदा राहिलेल्या काळामुळे आणखी ३ किंवा १० वर्षांची बंदी लागू शकते. हुकूम असताना चोरून परत आलात तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि जुना हुकूम पुन्हा जिवंत होतो.

जुलै २०२५ मध्ये आलेल्या कायद्याने यात पैशाचीही भर घातली. गैरहजेरीत हुकूम निघाला आणि नंतर आइसने पकडलं, तर ५,००० डॉलर आकारले जातात आणि ही रक्कम महागाईनुसार वाढत जाते. हुकूम रद्द झाला तर ती लागत नाही.

मी पुण्याला परत आलोय. आता अमेरिकेतल्या तारखेचं काय? मी तर देश सोडला!

हा प्रश्न मराठी घरांमधून सतत येतो आणि यात सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर.

नोकरी गेली, नोटीस आली, ‘जाऊ दे, आपण घरी जाऊ’ म्हणत सामान आवरलं आणि मुंबईचं विमान पकडलं. यात वागणं प्रामाणिक आहे. सरकारला हवं तेच तर केलं. पण सरकारने नोटीस कोर्टात दाखल केली असेल तर प्रकरण तुमच्या जाण्याने बंद होत नाही. तारखेला नाव पुकारलं जातं आणि तुम्ही नसल्याने हुकूम निघू शकतो. इमिग्रेशन अपील मंडळाने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की माणूस देश सोडून गेला एवढ्याच कारणावर न्यायाधीशांनी प्रकरण बंद करू नये आणि गैरहजेरीत हुकूम काढता येतो. स्वतःहून देश सोडणाऱ्यांसाठीच्या सरकारी सीबीपी होम अ‍ॅपवर नोंद करून गेलात तरीही कोर्टातली फाइल आपोआप मिटत नाही.

याची झळ बसते ती काही वर्षांनी. नवी कंपनी एच-१बी देते, किंवा मुलाच्या पदवीदानासाठी जायचं असतं. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरताना त्यात थेट विचारलेलं असतं: गेल्या पाच वर्षांत हकालपट्टीच्या सुनावणीला गैरहजर राहिला आहात का? कधी अशी सुनावणी तुमच्यावर झाली आहे का? खरं उत्तर दिलं तर बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीत सगळं समजावून सांगावं लागतं. खोटं दिलं तर फसवणुकीचा ठपका बसतो आणि त्याची बंदी कायमची असते. खोटं उत्तर कुणाच्याही सांगण्यावरून लिहू नका, एजंटच्या तर नाहीच.

म्हणून जायचं ठरवलं असेल तर निघण्याआधी वकिलामार्फत फाइल मिटवा. नोटीस कोर्टात दाखल झाली नसेल तर ती मागे घ्यायला सांगता येतं. दाखल झाली असेल तर सरकारी वकिलाला प्रकरण काढून टाकण्याची विनंती करता येते, किंवा न्यायाधीशांकडून स्वखुशीने देश सोडण्याची परवानगी घेता येते. ती सुरुवातीच्या टप्प्यात मागितली तर १२० दिवसांपर्यंत मुदत मिळते, प्रकरणाच्या शेवटी मागितली तर ६० दिवसांपर्यंत. ठरलेल्या मुदतीत गेलात तर हकालपट्टीचा हुकूम लागत नाही.

आधीच परत आला असाल आणि तारीख अजून पुढे असेल, तर आजच वकील लावा. पासपोर्टवरचा मुंबई किंवा दिल्लीचा शिक्का, बोर्डिंग पास आणि आय-९४ वरची (अमेरिकेत येण्या-जाण्याच्या सरकारी नोंदीतली) देश सोडल्याची नोंद जपून ठेवा. त्यांच्या आधारे प्रकरण बंद करण्याची विनंती करता येते. न्यायाधीश ती मानतीलच असं नाही, पण काहीच न करण्यापेक्षा रेकॉर्डवर हे येणं फार मोलाचं आहे.

हुकूम निघून गेला असेल तर पुढच्या व्हिसाच्या वेळी सुनावणीला न जाण्याचं योग्य कारण मांडता येतं. तात्पुरत्या व्हिसासाठी विशेष माफीही मागता येते. नोटीस खरोखरच मिळाली नव्हती, तर भारतातूनही हुकूम रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

मला नोटीस मिळालीच नाही. मग हुकूम कसा काढला?

नोटीस टपालाने येते, बहुतेक वेळा साध्या टपालाने. पत्ता बरोबर असेल तर ती पोचली असंच कोर्ट गृहीत धरतं, पण ते गृहीतक तुम्ही पुराव्याने मोडू शकता. नोटीस मिळाली नाही असं शपथपत्र, घरातल्या इतरांची शपथपत्रं, टपाल गहाळ होत असल्याच्या तक्रारी, आधीच्या सगळ्या तारखांना तुम्ही हजर होतात याची नोंद. हुकूम काढल्याचं कळल्यावर तुम्ही किती लवकर हालचाल केली, यालाही वजन असतं. या कारणावरच्या अर्जाला मुदत नाही आणि फीही नाही.

घर बदललं आणि कोर्टाला कळवलं नाही, तर मात्र ‘नोटीस मिळाली नाही’ हे कारण बहुतेक टिकत नाही.

पत्ता कुठे कळवायचा? मी यूएससीआयएसला ऑनलाइन कळवला होता.

ते कोर्टापर्यंत पोचत नाही. कोर्टासाठी ईओआयआर-३३ हा वेगळा फॉर्म आहे. घर बदलल्यापासून पाच दिवसांत तो कोर्टाला द्यायचा आणि एक प्रत आइसच्या वकिलांच्या कार्यालयाला. यूएससीआयएसला एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म दहा दिवसांत. दोन्ही करा. घरातल्या प्रत्येकाचा ए-नंबर वेगळा असेल तर प्रत्येकासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. मित्राच्या अपार्टमेंटचा पत्ता दिला असेल तर त्याला रोज टपालपेटी उघडायला सांगा.

नोटिशीत तारीख-वेळच नव्हती. ती नोटीस बाद ठरते का?

एकेकाळी या मुद्द्यावर अनेकांनी आशा ठेवली होती. २०१८ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारीख-वेळ नसलेल्या नोटिशीला अपुरं ठरवलं, पण ते वेगळ्या सवलतीसंदर्भात. गैरहजेरीच्या हुकुमांबाबतचा निकाल १४ जून २०२४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी लागला. त्या एकत्रित प्रकरणांतला एक पक्षकार भारतीय नागरिक होता. न्यायालयाने ठरवलं की पहिल्या नोटिशीत तारीख नसली तरी नंतर सुनावणीची वेगळी नोटीस दिली असेल तर हुकूम टिकतो. तेव्हा आज हा मुद्दा एकट्याने पुरत नाही.

उलटा प्रकारही घडलेला आहे. ३१ जानेवारी २०१९ ला देशभर हजाराहून अधिक लोक कोर्टांबाहेर रांगा लावून उभे होते आणि आत त्यांची सुनावणीच नव्हती, कारण नोटिशींवर कोर्टात न ठरलेल्या नुसत्याच तारखा टाकल्या होत्या. तरीही सांगतो: कागदावर तारीख आहे आणि कोर्टाच्या यंत्रणेत दिसत नाही, तरी जा. खिडकीवर आल्याची नोंद मागा, निदान त्या दिवशीचा पुरावा ठेवा.

आजारी होतो, गाडी बंद पडली, ट्रॅफिक होता. हे चालतं का?

कायद्याने यासाठी ‘असाधारण परिस्थिती’ची कसोटी घातली आहे. उदाहरणंही दिली आहेत: तुमच्यावर, तुमच्या मुलावर किंवा पालकावर मारहाण अथवा टोकाचा छळ, तुमचा गंभीर आजार, जोडीदार, मूल किंवा आईवडील यांचा गंभीर आजार किंवा मृत्यू. याहून हलकी कारणं चालत नाहीत. डोकेदुखीचं आणि मुरगळलेल्या पायाचं कारण अपील मंडळाने पुराव्याअभावी फेटाळलेलं आहे. ‘ट्रॅफिक होता’ एवढं मोघम सांगितलेलंही फेटाळलं आहे.

हॉस्पिटलची कागदपत्रं, डॉक्टरचं तारीख घातलेलं पत्र, सोबत असलेल्यांची शपथपत्रं लागतात. त्याच दिवशी कोर्टाला फोन केल्याची नोंद असेल तर फार उपयोग होतो. न केल्यास ‘का केला नाही?’ हा प्रश्न येणारच. या कारणावर अर्ज हुकुमापासून १८० दिवसांच्या आत द्यावा लागतो. भारतात आई गेली आणि तुम्ही धावलात, हेही मांडता येतं. पण निघण्याआधी कोर्टाला लेखी कळवणं शक्य असेल तर कळवाच, आणि ती प्रत जवळ ठेवा.

अटकेत किंवा तुरुंगात असल्यामुळे स्वतःची चूक नसताना येता आलं नाही, तर १८० दिवसांची अट नाही.

मी वाटेत आहे, उशीर होतोय. परत फिरू का?

मुळीच नाही. वकिलाला आणि कोर्टाला फोन करा आणि पोचा. न्यायाधीश अजून बसलेले असतील तर पुष्कळदा ऐकून घेतात. ते उठले असतील तर खिडकीवर आल्याची वेळ नोंदवून घ्या. टोल, ट्रेन, पार्किंगच्या पावत्या ठेवा आणि त्याच आठवड्यात अर्ज करा.

तारीख बदलून मिळावी म्हणून अर्ज दिलाय. मग जायची गरज नाही ना?

अर्ज मंजूर झाल्याचा आदेश हातात पडेपर्यंत जुनीच तारीख खरी. दुसऱ्या राज्यात राहायला गेलात आणि तिथल्या कोर्टात प्रकरण हलवायला अर्ज दिला असला तरी तसंच. बायकोने तुमच्यासाठी भरलेला आय-१३० (नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) प्रलंबित असला तरीही तसंच.

वकिलाने चुकीची तारीख सांगितली.

हे कारण मांडता येतं, पण पद्धत ठरलेली आहे. वकिलाशी काय ठरलं होतं याचं सविस्तर शपथपत्र, त्या वकिलाला आरोप कळवून उत्तराची संधी दिल्याचा पुरावा, आणि बारकडे तक्रार केली की नाही, नसेल तर का, याचा खुलासा. १९८८ च्या अपील मंडळाच्या निकालापासून हेच चालत आलं आहे. आपल्या ओळखीतल्याच वकिलाविरुद्ध तक्रार करायला अनेकांना अवघड जातं. तुमच्या मुलाबाळांचं भवितव्य पणाला लागलेलं असताना हा संकोच ठेवू नका.

नवरा माझं टपाल दडवतो. कोर्टाची नोटीस आली होती हे मला नंतर कळलं.

ताई, तुमच्यावर झालेली मारहाण किंवा टोकाचा छळ हे कायद्यातच लिहिलेलं कारण आहे, आणि नोटीस हातात पडू दिली नाही हेही. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर असलात तरी तुमची फाइल तुमची स्वतःची आहे. वेगळा वकील घ्या, नवऱ्याचा नको. सुरक्षित पत्ता ईओआयआर-३३ वर द्या. पोलिसांची नोंद, दवाखान्याचे कागद, मैत्रिणींना पाठवलेले मेसेज, सगळं जपा.

हुकूम रद्द करण्याच्या अर्जाबद्दल काय लक्षात ठेवायचं?

असा अर्ज एकदाच करता येतो. म्हणून घाईत अर्धामुर्धा देऊ नका, पण १८० दिवसही जाऊ देऊ नका. आधी कोर्टाकडून पूर्ण फाइलची प्रत मागवा. नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, परत आली का, हे त्यात दिसतं. अर्ज दाखल झाला की न्यायाधीश निर्णय देईपर्यंत हकालपट्टीला आपोआप स्थगिती मिळते. ‘असाधारण परिस्थिती’च्या अर्जाला फी आहे आणि २०२५ च्या कायद्याने ती हजार डॉलरच्या घरात गेली आहे. परवडत नसेल तर फीमाफीबद्दल वकिलाला विचारा. अर्ज फेटाळला तर अपिलाची मुदत त्या आदेशावर पाहा आणि तीच पाळा.

कोर्टात गेलो तर आइस तिथेच पकडेल. मग जायचं कशाला?

ही भीती खरी आहे. मे २०२५ पासून कोर्टाच्या इमारतींमध्येच, सुनावणीहून बाहेर पडणाऱ्यांना पकडल्याच्या घटना अनेक शहरांत घडल्या. कित्येकदा सरकारी वकील प्रकरण काढून टाकायला सांगतो. ऐकायला चांगलं वाटतं, पण त्यानंतर न्यायाधीशांपुढच्या सुनावणीशिवायच्या झटपट हकालपट्टीचा मार्ग वापरला जातो.

तरीही भीती हे ‘असाधारण परिस्थिती’त बसत नाही. न गेलात तर हुकूम निघण्याची जवळजवळ खात्री, आणि मग आइस तुम्हाला घरी, रस्त्यावर, विमानतळावर कुठेही पकडू शकते. तेव्हा सुनावणीही मिळणार नाही. गेलात तर निदान तुमचा बचाव जिवंत राहतो.

धोका कमी करण्याच्या गोष्टी आहेत. ऑनलाइन सुनावणीची परवानगी आधीच लेखी मागा. वकील बरोबर न्या. प्रकरण काढून टाकायची भाषा सुरू झाली तर ‘मला विरोध करायचा आहे, लेखी उत्तरासाठी वेळ द्या’ असं न्यायाधीशांना सांगा. घरी कुणाकडे तरी ए-नंबर, वकिलाचा फोन आणि मुलांना शाळेतून आणण्याची व्यवस्था असू द्या.

ऑनलाइन सुनावणीत नेट गेलं तर?

न दिसणं म्हणजे गैरहजेरीच. वेबेक्सची लिंक आदल्या दिवशी तपासा, फोनवरून जोडण्याचा नंबर जवळ ठेवा, जोडणी तुटली तर लगेच कोर्टाला फोन करा आणि स्क्रीनशॉट घ्या. नोटिशीत प्रत्यक्ष हजेरी लिहिली असेल तर स्वतःच्या मनाने ऑनलाइन बसू नका.

लहान मुलांनाही न्यायचं का?

मुलाच्या नावाने नोटीस असेल तर हो. आईवडिलांपैकी एक हजर असेल तर न्यायाधीश मुलाची हजेरी माफ करू शकतात, पण तोवर शाळा बुडवून न्या.

इंग्रजी नीट येत नाही. आईला तर फक्त मराठीच समजतं.

दुभाषी कोर्ट देतं, विनामूल्य. पहिल्याच सुनावणीत ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा. हिंदी चालेल असं संकोचाने म्हणू नका, आईला हिंदीत कायद्याचे शब्द कळणार नसतील तर. वकील मात्र सरकार देत नाही. तो स्वखर्चाने, किंवा ईओआयआरच्या विनामूल्य सेवा देणाऱ्यांच्या यादीतून शोधावा लागतो.

माझ्यावर आधीच हुकूम आहे का, हे कसं कळेल?

ईओआयआरच्या संकेतस्थळावर ए-नंबर आणि देश टाकून पाहा, किंवा १-८००-८९८-७१८० या स्वयंचलित नंबरवर ऐका. पुढची तारीख, न्यायाधीश, निघालेला हुकूम, सगळं सांगतात. प्रकरण चालू असेपर्यंत दर आठवड्याला तपासा. तारखा अलीकडेही ओढल्या जातात आणि टपाल उशिरा येतं. हुकूम दिसला तर वकिलाशी बोलल्याशिवाय आइसच्या कार्यालयात जाऊ नका, विमानात बसू नका आणि देशही सोडू नका. हुकूम असताना बाहेर पडलात की तो तुम्ही स्वतःच अमलात आणला असं धरलं जातं.

माणूस ताब्यात घेतला गेला. घरच्यांनी पहिल्या तासात काय करायचं?

आइसच्या संकेतस्थळावरच्या शोधयंत्रात ए-नंबर टाकून कुठल्या केंद्रात ठेवलंय ते पाहा. वकिलाला सांगा की हुकूम गैरहजेरीतला आहे, म्हणजे रद्द करण्याचा अर्ज दाखल करून स्थगिती मिळवता येईल. हा अर्ज विमान सुटण्याआधी दाखल व्हायला हवा. आतल्या माणसाने कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. भारतीय वकिलातीला कळवा असं सांगण्याचा त्याला हक्क आहे.